दूरच्या लक्ष्यासाठी पहिली रायफल

इ. स. १८६० च्या जुलै महिन्याच्या २ तारखेस लंडननजीकच्या विंबल्डन मैदानावर व्हिक्टोरिया राणीने एक रेशमी दोरी ओढली. दोरीचे दुसरे टोक एका रायफलीच्या चापास बांधलेले होते आणि रायफल टेकणीवर घट्ट बसविलेली होती. गोळी ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यापासून दीड इंचाच्या आत लागली. ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघाच्या पहिल्या स्पर्धांचा प्रारंभ अशा रीतीने झाला. १८९० पासून हा मेळावा बिस्ले येथे भरतो.

राणीपुढील ती रायफल जोसेफ व्हिटवर्थ या इंग्लिश अभियंत्याने सिद्ध केलेली होती. स्क्रूच्या आट्यांना निश्चित प्रमाण घालून देणारा तो हाच व्हिटवर्थ. रायफलीच्या नळीत आतून कोरलेल्या खाचा म्हणजे एक प्रकारचे लांब मळसूत्रच होय. त्यांतून जाताना गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते आणि फिरत्या भोवऱ्याप्रमाणे ती आपली दिशा राखते. तत्कालीन ब्रिटिश सैन्याच्या एन्फील्ड रायफलीत या खाचांचा पीळ ७८ इंचांत एक फेरा असा मंद होता. व्हिटवर्थने तो २० इंचांत एक फेरा असा केला, आणि नळीचा व्यास ०.५७७ इंचावरून ०.४५१ इंचावर आणला. त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी अधिक बारीक व लांब झाली. अशी गोळी हवेला कमी अडते. परंतु तिला स्थिर ठेवण्यास पीळही जलद लागतो. पहिली रायफल निवडणाऱ्यास आजही सर्वप्रथम हेच पाहावे लागते. नळी कोणत्या पिळाची आहे आणि त्या पिळास कोणती गोळी मानवते, हे ठाऊक नसताना घेतलेली उत्तम बनावटीची रायफलही निरुपयोगी ठरू शकते.

दूर पल्ल्याच्या नेमबाजीत दुर्बीण वापरू देणारा 'एफ क्लास' नावाचा प्रकार कॅनडात जॉर्ज फार्कुहार्सन या नेमबाजाने विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजविला. 'एफ' हे त्याच्याच आडनावाचे आद्याक्षर. वयोमानाने ज्यांची दृष्टी मंदावली त्यांना खेळ सोडावा लागू नये, हा त्यामागील हेतू होता. या प्रकाराच्या एका शाखेत .२२३ रेमिंग्टन व .३०८ विंचेस्टर या दोनच काडतुसांना परवानगी आहे, आणि दुर्बीण व दोन पायांची टेकण धरून रायफलीचे वजन ८.२५ किलोग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. नवशिक्यास हे बंधन उपकारकच म्हणावे लागेल. निवडीचा निम्मा घोळ त्यानेच मिटतो.

.३०८ ची सुमारे १७५ ग्रेन वजनाची गोळी १००० यार्डांपर्यंत, म्हणजे ९१४ मीटरांपर्यंत, नीट पोचते. १०० यार्डांवर नेम जुळविलेला असेल, तर १००० यार्डांवर ती त्या रेषेच्या सुमारे दहा मीटर खाली उतरते. ताशी १६ किलोमीटर वेगाचा आडवा वारा तिला सव्वादोन ते अडीच मीटर बाजूस नेतो. २००७ मध्ये निघालेल्या ६.५ क्रीडमूर या काडतुसाची सडपातळ गोळी त्याच वाऱ्यात दोन मीटरांच्या आत राहते, आणि तिचा खांद्यास बसणारा धक्काही कमी असतो. मात्र तिची नळी .३०८ पेक्षा लवकर झिजते, आणि वर सांगितलेल्या शाखेत ती चालत नाही. .२२३ चा धक्का सर्वांत सौम्य. हा गुण सामान्यतः मानला जातो त्यापेक्षा फार मोठा आहे. धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्यापूर्वीच डोळा मिटण्याची खोड एकदा जडली की ती सुटण्यास कित्येक महिने लागतात. मात्र .२२३ ची जड, सुमारे ८० ग्रेनची, गोळी वापरावयाची तर सात-आठ इंचांत एक फेरा असा पीळ हवा.

आता दुर्बिणीचा विचार. येथे बहुतेकांचे पैसे वाया जातात, कारण 'किती पट मोठे दिसते' एवढाच प्रश्न विचारला जातो. नेमबाजाची दुर्बीण मुख्यतः कोन मोजण्याचे यंत्र आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. १००० यार्डांवर एका कलेचे अंतर २६.६ सेंटिमीटर भरते, आणि त्या अंतरावरील एफ क्लासच्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळही जवळपास तेवढ्याच व्यासाचे असते. दहा मीटरांची घसरण भरून काढावयाची म्हणजे दुर्बिणीतील तारांची फुली सुमारे ३८ कला सरकविली पाहिजे. एखाद्या दुर्बिणीत वरपासून खालपर्यंत ६० कलांची सोय असेल, तर मध्यापासून एका बाजूस तीसच उरतात. म्हणजे पंचवीस पट मोठे दाखविणारी ती दुर्बीण लक्ष्यापर्यंत पोचतच नाही. यास्तव तिच्याखाली २० कला उतार दिलेली पट्टी बसवितात. खरेदीपूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा. त्याचप्रमाणे चकती एक खटका फिरविली की फुली खरोखर पाव कला सरकते काय, आणि तितकेच खटके उलट फिरविले की ती मूळ जागी येते काय, हे लक्ष्यावर पडताळून पाहावे.

दुसरा मुद्दा पराशयाचा. लक्ष्याची प्रतिमा व फुली एका पातळीत नसतील, तर डोळा किंचित हलताच फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. हा दोष काढून टाकणारी कळ दूर पल्ल्याच्या दुर्बिणीस असलीच पाहिजे. वर्धनाविषयी एवढेच सांगता येईल की ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगातून दहा पट पाहताना डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ५ मिलिमीटर रुंद असतो, तर पंचवीस पट पाहताना अवघा २ मिलिमीटर. शिवाय तापलेल्या जमिनीवरील हवेची थरथर तितकीच मोठी होऊन लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखे दिसू लागते.

परंतु ही थरथर शत्रूच नव्हे. ती ज्या बाजूस वाहते त्या बाजूस वारा वाहत असतो, आणि ती सरळ वर चढू लागली की वारा पडला आहे किंवा नेमबाजाच्या रेषेतूनच वाहत आहे असे समजावे. जुने नेमबाज दुर्बीण लक्ष्याच्या अलीकडे जुळवून हे मृगजळ वाचतात. वाऱ्याचा अंदाज ताशी तीन किलोमीटरांनी चुकला तरी .३०८ ची गोळी १००० यार्डांवर सुमारे एक हात बाजूस जाते, म्हणजे दहाच्या वर्तुळाबाहेर पडते. इतकी चूक कोणतेही महाग भिंग भरून काढीत नाही. म्हणून उपलब्ध द्रव्यापैकी बराच भाग काडतुसांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. येथे .२२ ची छोटी रायफल फार उपयोगी पडते. तिची संथ गोळी १०० मीटरांवरच त्या ताशी १६ किलोमीटरांच्या वाऱ्याने दहा-बारा सेंटिमीटर ढळते. कोनाच्या मापाने हे.३०८ च्या ४०० ते ५०० यार्डांवरील ढळण्याइतकेच होय. म्हणजे अल्प खर्चात, लहान मैदानावर, वाऱ्याचे तेच शिक्षण मिळते.

भारतात शस्त्र बाळगणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या अधीन आहे. त्यामुळे नवशिक्याचा मार्ग दुकानातून नव्हे, तर रायफल क्लबातून जातो. राष्ट्रीय रायफल संघ १९५१ मध्ये स्थापन झाला, आणि लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरांवर कांस्यपदक मिळविले ते .२२ च्याच रायफलीने, आणि दुर्बिणीविना, बारीक छिद्रातून नेम धरून. ही छोटी गोळीही एक किलोमीटरहून दूर जाऊ शकते. म्हणून मागे मातीचा भक्कम बंधारा असलेल्या मान्य मैदानाखेरीज अन्यत्र तिचा सराव करू नये.