शेंडी कोणासाठी?

ट्राउट माशासाठीची ‘ड्राय फ्लाय’ म्हणजे गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेली, पाण्यावर तरंगणारी नकली माशी. गळाचे नंबर हातशिवणाच्या सुईसारखे उलटे चालतात: आकडा मोठा, तितका गळ बारीक. २० नंबरची माशी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी! ती माशाला दिसते. दहा मीटरवरून टाकणारा मात्र डोळे ताणत बसतो.

त्यावरचा तोडगा म्हणजे ‘पॅराशूट ॲडम्स’ ही माशी. मूळ ॲडम्स लेन हॅलाडे यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बांधली: करडं अंग, कोंबड्याची तपकिरी आणि पट्टेरी पिसं. पॅराशूट प्रकारात गळाच्या दांडीवर पांढऱ्या केसांची किंवा कृत्रिम धाग्याची शेंडी उभी करतात. पीस दांडीभोवती न गुंडाळता शेंडीच्या बुडाशी आडवं फिरवतात. ते छत्रीसारखं पसरतं आणि अंग पाण्याला टेकतं. मासा बघतो खालून, त्यामुळे शेंडी खरं तर माणसाच्या सोयीची. बारीक गळावर ती जाड करायचा मोह होतोच; मग माशी कलंडते. पाणी उन्हाने चकाकत असेल, तर पांढरीपेक्षा काळी शेंडी उठून दिसते.