चौकापुढील नम्रता

धर्मातील गोष्ट पोथी उघडताच कळावी, अशी आपणा शहरवासीयांची अपेक्षा असते. डहाणू-तलासरीकडील वारल्यांच्या घरचा लग्नाचा चौक पाहिला म्हणजे ती किती उतावीळ आहे हे ध्यानात येते.

आधी भिंत सारवून गेरूने रंगवायची, तांदूळ वाटायचे; मग सवाशिणी त्या पांढऱ्या पिठाने चौक लिहितात आणि मधोमध पालघट देवी येते. लग्न लावते धवलेरी, तेही गाण्यांनी. या विद्येला पोथी नाही. जाणत्या बाईच्या हाताशी बसावे, तिच्या सुरात सूर मिळवावा. अर्थ मागाहून उमगतो. गीतेच्या चौथ्या अध्यायातही ज्ञानासाठी प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही तीन साधने सांगितली आहेत. प्रणिपात पहिला खरा, परंतु प्रश्नाला तेथे मज्जाव नाही.

हे विसरले की नम्रतेची लाचारी होते. याच लग्नासाठी कर्ज काढून कित्येक वारली सावकाराचे ‘लग्नगडी’ झाले. राबता राबता आयुष्य सरे, कर्ज मात्र सरत नसे. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळील झरी येथे किसान सभेच्या परिषदेला हे लोक जमले. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्या सोबत होते. यापुढे वेठ करायची नाही, असा निर्धार तेथे झाला आणि लग्नगडी मोकळे होऊ लागले.

त्यानंतरही वारल्यांच्या लग्नात चौक लिहिला गेला, पालघटापुढे माथा टेकला गेला. शिकण्यासाठी वाकावे लागते. पण कोणापुढे वाकावे, हेही हळूहळू शिकावेच लागते.