अमेरिकेचे नागरिकत्व : रूढ समज आणि कायद्याची वस्तुस्थिती

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत नागरिकत्वाचा विषय निघाला की बोलणे बहुधा परीक्षेवर येऊन ठेपते, आणि एका मुलाखतीत सारे भवितव्य ठरते असा समज दृढ होतो. वस्तुतः परीक्षा हा या प्रक्रियेतील सर्वांत सुलभ भाग होय. प्रश्नसंच आगाऊ प्रसिद्ध असतो. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी त्यांतील १२८ प्रश्नांपैकी फार तर २० विचारले जातात, १२ उत्तरे बरोबर आली की पुरे, आणि पहिल्या खेपेस अपयश आल्यास त्याच अर्जावर पुन्हा एकदा संधी मिळते. ज्यांचे वय ५० आणि ग्रीन कार्डावरील वास्तव्य २० वर्षांचे, अथवा वय ५५ आणि वास्तव्य १५ वर्षांचे, त्यांना इंग्रजीची परीक्षा माफ असून नागरिकशास्त्राची उत्तरे ते दुभाष्यामार्फत मराठीतही देऊ शकतात. केवळ इंग्रजीच्या धास्तीने एखाद्या वृद्ध मातेने अर्जच करू नये, ही मला फार खेदाची गोष्ट वाटते.

खरी कसोटी लागते ती वास्तव्याची. एच-१बी परवान्यावर घालवलेली वर्षे हिशेबात धरली जातात, हा समज चुकीचा आहे; पाच वर्षांची मुदत ग्रीन कार्ड मिळाल्या तारखेपासूनच सुरू होते, आणि ते मिळण्यासाठी भारतात जन्मलेल्या नोकरदाराने रांगेत काढलेल्या वर्षांपैकी एक दिवसही जमेस येत नाही. शिवाय या पाच वर्षांत दोन निरनिराळे हिशेब चालतात. अर्जापूर्वी एकूण ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात, हा एक. आणि वास्तव्यात खंड पडलेला नसावा, हा दुसरा. वडिलांच्या आजारपणासाठी पुण्यास येऊन सात महिने राहिलेल्या मुलाचे महिने भरत असले, तरी सहा महिन्यांहून अधिक काळ सलग बाहेर राहिल्याने वास्तव्य खंडित झाले असे कायदा गृहीत धरतो, आणि घर, नोकरी, कर यांचे दाखले देऊन ते खोडून काढण्याचा भार अर्जदारावर येतो. अनुपस्थिती वर्षाची झाली तर सर्वसाधारणपणे वास्तव्य खंडितच होते. पुनःप्रवेशाचा परवाना गाठीशी असला की चिंता नाही, असे अनेकजण मानतात. तो परवाना ग्रीन कार्डाचे रक्षण करतो, नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग वास्तव्याचे नव्हे.

ही अट जाचक वाटली, तरी तिच्यामागील न्याय समजण्यासाठी १९२३ सालचा एक निकाल स्मरावा. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात दाखल झालेल्या भगतसिंग थिंद यांना, ते कायद्याच्या अर्थाने श्वेतवर्णीय नाहीत एवढ्याच कारणावरून, तेथील सर्वोच्च न्यायालयाने अपात्र ठरविले; त्या काळी हिंदी मनुष्याने कितीही वर्षे तेथे काढली तरी ती व्यर्थ होती, आणि हा दरवाजा १९४६ च्या कायद्याने उघडला.

विवाहाने नागरिकत्व आपोआप मिळते, हेही खरे नाही. पती किंवा पत्नी तीन वर्षे अमेरिकी नागरिक असून दोघे त्या काळात एकत्र नांदत असल्यास पाचाऐवजी तीन वर्षांची मुदत लागू होते, इतकेच. तसेच मुलाखत पार पडली म्हणजे नागरिक झालो असे नाही. शपथ घेईपर्यंत मनुष्य परदेशीयच राहतो, आणि तोवर मतदान करणे हा गंभीर अपराध ठरतो.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र भारताच्या बाजूचा आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ अन्वये, परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने पत्करताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यासाठी वेगळा अर्ज किंवा हुकूम लागत नाही, आणि जुने पारपत्र वापरणे बंद करून ते परत करावे लागते. ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे : त्याने भारतात येण्याजाण्याची आजन्म मोकळीक मिळते, मताधिकार मिळत नाही. गावाकडची वडिलोपार्जित शेतजमीन अशा कार्डधारकास वारसाहक्काने मिळू शकते. बांधाला लागून असलेला शेजारचा तुकडा मात्र तो खरेदी करू शकत नाही.