दोनशे रांगोळ्या, एकच अंगण

ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या माणसाला कणभौतिकीतला ट्रॅकर समजावायला फार वेळ लागत नाही. टकरीतून उडालेला विद्युतभारित कण सिलिकॉनच्या एकेका थरातून आरपार जातो आणि प्रत्येक थरात एक ठिपका सोडतो. ठिपके जोडले की कणाची वाट सापडते. चुंबकीय क्षेत्रात ती वाट किती वळली, यावरून त्याचा संवेग कळतो. खरी अडचण येते ती एकाच अंगणात अनेक रांगोळ्या एकमेकींवर पडल्या की.

जिनिव्हाजवळ सर्नच्या २७ किलोमीटर घेराच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांतून जातात. मूळ आराखड्यात अशा एका भेटीत वीस-पंचवीस टकरी धरल्या होत्या. आता साठेक होतात आणि २०३०च्या सुमारास सुरू व्हायच्या उच्च तीव्रतेच्या टप्प्यात त्या दोनशेपर्यंत जातील. हिग्ज बोसॉनची जोडी एकदम जन्मण्यासारख्या दुर्मीळ घटना पाहायच्या, तर ही गर्दी अंगावर घ्यावीच लागते.

याच कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगाने यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो. बाहेरच्या नव्या ट्रॅकरमध्ये जेमतेम दोन-चार मिलिमीटर अंतरावर दोन सेन्सर पाठीला पाठ लावून बसतात. कमी संवेगाचा कण जास्त वळतो, म्हणून त्याचा दुसरा ठिपका पहिल्यापासून दूर सरकतो. दोन्ही ठिपके ताडून असा कण तिथल्या तिथे पाखडून टाकायचं काम चिपच करते, सेकंदाला चार कोटी वेळा.

किरणोत्साराचा मार वेगळाच. त्याने सिलिकॉनच्या जाळीतले अणू जागचे हलतात, गळती प्रवाह वाढतो, सेन्सर तापतो आणि तापला की गळती आणखी वाढते. म्हणून कार्बन डायऑक्साइड खेळवून त्याला शून्याच्या बराच खाली ठेवतात. एवढं करूनही घात होतो तो छोट्याशा भागाने. सीएमएसने २०१७च्या सुरुवातीला नवा पिक्सेल डिटेक्टर बसवला आणि त्याच वर्षी त्याला वीज पुरवणारे कन्व्हर्टर एकामागून एक बंद पडू लागले. त्यांच्यातली एक चिप किरणोत्सारानंतर बंद करून पुन्हा सुरू केली की मरत होती. हिवाळ्यात सगळे कन्व्हर्टर बदलावे लागले.

वजन हाही शत्रूच, कारण जास्तीचं द्रव्य कणाची वाट बिघडवतं. तिथल्याच ॲलिस प्रयोगात तर सिलिकॉनचे पत्रे कागदाहून पातळ करून बीमच्या नळीभोवती वाकवायचं घाटत आहे.

जपानच्या त्सुकुबातल्या बेल-२ प्रयोगात आपल्या मुंबईचा हात आहे. तिथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळतात. त्याच्या सिलिकॉन डिटेक्टरचा चौथा थर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने जपानमधल्याच काशिवाच्या प्रयोगशाळेत जुळवला. दहा लॅडर, म्हणजे सेन्सर जोडलेल्या लांब पट्ट्या, आणि त्यांत तीस सेन्सर. केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारा एकेक टाचायच्या, आणि सेन्सरच्या कडेवरून लवचीक सर्किट दुमडून मागच्या बाजूचे संकेत पुढे आणायचे. या रचनेला ओरिगामी असंच नाव आहे. कुठे एक ओरखडा उठला तरी सेन्सर वाया.

२०२३मध्ये आतला पिक्सेल डिटेक्टर बदलण्यासाठी हे सगळं बाहेर काढलं गेलं. जोडलेले दोन अर्धे भाग सोडवून नव्या पिक्सेलभोवती पुन्हा मिटवले. मुंबईच्या लॅडर आपल्या जागी परतल्या आणि २०२४च्या सुरुवातीला टकरी पुन्हा सुरू झाल्या.