मुके दिवस, बोलके दिवस

मातृभाषा मनुष्याला इतकी सहज मिळालेली असते की, तिचे मोल त्याच्या कधी ध्यानात येत नाही. तहान लागली की पाणी मागावे, वाट चुकली की विचारावी, वाईट वाटले की कोणापाशी तरी बोलावे. यात विशेष ते काय, असे त्याला वाटते. परंतु विद्येसाठी दूर देशी गेलेल्या विद्यार्थ्याची ही समजूत पहिल्याच दिवशी दूर होते. आपल्या गावी वक्तृत्वस्पर्धेत बक्षिसे मिळवणारा मुलगा परक्या नगरीत पावाच्या दुकानापुढे उभा राहतो आणि त्याला पाव मागता येत नाही. तो बोटाने खूण करतो. दुकानदारीण काही विचारते. तो नुसता हसतो. अठरा वर्षांचा तरुण एका क्षणात दोन वर्षांच्या बालकासारखा होऊन जातो.

रशियन माध्यमातून शिक्षण घेण्यासाठी मॉस्कोला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अनुभव हमखास येतो. मॉस्को येथे १९६० मध्ये लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका या खंडांतील तरुणांना उच्च शिक्षण मिळावे, हा त्याच्या स्थापनेमागील हेतू होता. तेव्हापासून अनेक देशांतील विद्यार्थी तेथे शिकत आले आहेत. रशियन न येणाऱ्या विद्यार्थ्याला मुख्य अभ्यासक्रमाला एकदम प्रवेश मिळत नाही. त्याला आधी पूर्वतयारीच्या वर्गात सुमारे एक वर्ष रशियन भाषा शिकावी लागते. वर्षाच्या अखेरीस परीक्षा होते. ती उत्तीर्ण झाल्यावरच वैद्यक, अभियांत्रिकी किंवा शेतकी अशा विषयांचे दार उघडते. म्हणजे, ज्या भाषेत आज पाणीही मागता येत नाही, त्याच भाषेत वर्षभराने शरीररचनेवरील किंवा गणितावरील व्याख्यान ऐकून टिपून घ्यावयाचे असते. घरच्यांनी मोठ्या आशेने पाठवलेल्या मुलाच्या मनावर या विचाराचे ओझे किती असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

पहिली अडचण लिपीची. रशियन भाषा ज्या लिपीत लिहितात तिला किरिल लिपी म्हणतात. नवव्या शतकात किरिल आणि मेथोदी या दोन बंधूंनी स्लाव लोकांच्या भाषेसाठी प्रथम लिपी तयार केली. त्यांपैकी किरिल याचे नाव पुढे या लिपीला मिळाले. रशियन वर्णमालेत ३३ अक्षरे आहेत. त्यांतील काही अक्षरे इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात. पण हे साम्य मदत करण्याऐवजी फसवते. इंग्रजी 'पी'सारखे दिसणारे अक्षर येथे 'र' असते, 'सी'सारखे दिसणारे 'स' आणि 'एच'सारखे दिसणारे 'न' असते. रस्त्यावर ठिकठिकाणी 'पेक्टोपाह' असे काही लिहिलेले पाहून नवा विद्यार्थी गोंधळतो. आठवडाभराने अक्षरे नीट ओळखू लागल्यावर त्याला कळते की, ती पाटी 'रेस्तोरान', म्हणजे उपाहारगृह अशी आहे. इतके दिवस तो भुकेल्या पोटी तिच्यासमोरून ये-जा करीत होता!

वर्गात विद्यार्थी थोडेच असतात. एक व्हिएतनामचा, एक नायजेरियाचा, एक पेरूचा, एक भारताचा असा हा मेळा असतो. त्यांना परस्परांची भाषा येत नाही. म्हणून शिक्षिका पहिल्या दिवसापासून रशियनच बोलतात. त्या पुस्तक उचलून त्याचे नाव सांगतात, दार उघडून 'उघडणे' शिकवतात, खिडकीशी जाऊन बर्फ दाखवतात. सर्वजण एका सुरात म्हणतात. येथेही एक कोडे पुढे येते. दुधाला रशियनमध्ये जो शब्द आहे तो लिहिताना 'मोलोको' असा लिहितात; पण बोलताना 'मलको' असे म्हणतात. शब्दाच्या ज्या भागावर जोर नसतो तेथील 'ओ'चा उच्चार 'अ'कडे झुकतो. हा जोर कोठे द्यावयाचा, हे छापील शब्दावरून कळत नाही. ते ऐकूनच शिकावे लागते. एकाच अक्षरांत लिहिलेला एक शब्द पहिल्या भागावर जोर दिल्यास 'गढी' असा अर्थ देतो आणि दुसऱ्या भागावर जोर दिल्यास 'कुलूप' होतो. कुलूप विकत घ्यावयास गेलेला विद्यार्थी गढी मागून बसतो आणि दुकानात हशा पिकतो.

क्रियापदांचाही असाच खेळ आहे. पायी जाणे आणि वाहनाने जाणे यांसाठी रशियन भाषेत निरनिराळी क्रियापदे आहेत. आपली ओळख करून देताना एखादा विद्यार्थी चुकीचे क्रियापद वापरतो आणि मोठ्या ऐटीत सांगतो, "मी भारतातून आलो." ऐकणारे चकित होऊन त्याच्या पायांकडे पाहतात, कारण त्याच्या वाक्याचा अर्थ 'मी भारतातून चालत आलो' असा झालेला असतो. अशी चूक एकदा झाली की ती पुन्हा होत नाही. हसण्याला भिऊन जो गप्प राहतो तो मागे पडतो. चुकत चुकत जो बोलत राहतो तो पुढे जातो.

मराठी विद्यार्थ्याला मात्र एक सुखद आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. रशियन व्याकरणात तीन लिंगे आहेत, तशी ती मराठीतही आहेत. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत. त्यांची नावे ऐकून इतर काही विद्यार्थ्यांना घाम फुटतो, पण शाळेत 'देव, देवास, देवाने' असे चालवलेल्या मुलाला ती कल्पना नवी नसते. 'माझ्याजवळ पुस्तक आहे' हे वाक्य रशियन मनुष्य याच रचनेने बोलतो. 'मला थंडी वाजते' म्हणताना मराठीत जशी 'मी'ची विभक्ती बदलते, तशीच रशियनमध्येही बदलते. मोठ्यांना 'तुम्ही' आणि जवळच्यांना 'तू' म्हणण्याचा भेद तेथेही आहे. एवढेच नव्हे, तर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे रशियन माणसाच्या नावातही असतात. प्योत्रचा मुलगा इव्हान असेल तर तो इव्हान पेत्रोविच. शिक्षकांना हाक मारताना त्यांचे नाव आणि त्यामागोमाग वडिलांच्या नावावरून बनलेले हे पद उच्चारतात; नुसत्या नावाने हाक मारणे असभ्यपणाचे समजतात.

पुढे एखाद्या संध्याकाळी शब्दांची उजळणी करताना विद्यार्थ्याला आणखी एक शोध लागतो. दोनला रशियनमध्ये 'द्वा', तीनला 'त्री', भावाला 'ब्रात', दाराला 'द्वेर', मधाला 'म्योद' म्हणतात. संस्कृतातील द्वि, त्रि, भ्रातृ, द्वार, मधु हे शब्द त्याला आठवतात. आकाश म्हणजे 'नेबा', संस्कृत नभस्. हिवाळा म्हणजे 'झिमा', संस्कृत हिम. नात्यांच्या नावांत तर घरचीच माणसे भेटतात. सुनेला तेथे 'स्नाखा' म्हणतात. संस्कृत 'स्नुषा'पासून आपला 'सून' शब्द झाला. दिराला 'देवेर' म्हणतात. संस्कृत 'देवर' या शब्दापासून आपला 'दीर' झाला. हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृत आणि रशियन या दोन्ही भाषा एकाच प्राचीन भाषाकुलाच्या शाखा आहेत. दीड या संख्येची गोष्टही अशीच मौजेची आहे. रशियन भाषेत दीडला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'दुसऱ्याचा अर्धा', म्हणजे एक पूर्ण आणि दुसऱ्याचे अर्धे. मराठी 'दीड' हा शब्दही संस्कृत 'द्व्यर्ध' यावरून आला, आणि त्यातही हाच हिशेब आहे. परक्या घरात अचानक आपल्या आजीच्या हातचे भांडे दिसावे, तसा आनंद त्या विद्यार्थ्याला होतो.

भाषा वर्गात शिकतात; पण ती अंगी मुरते ती रोजच्या व्यवहारात. वसतिगृहाच्या खोलीत दोघे-तिघे राहतात आणि स्वयंपाकघर सर्वांना मिळून असते. दुपारचे जेवण विद्यार्थी भोजनालयात घेतात. तेथे राई धान्याचा काळा पाव, बिटाचे लाल रंगाचे 'बोर्श' नावाचे सूप, निरनिराळ्या धान्यांची 'काशा' नावाची खीर किंवा मऊ भात आणि उकडलेल्या फळांचे 'कंपोत' नावाचे पेय मिळते. ताकासारखे आंबट 'केफिर' पाहून मराठी मुलाला हायसे वाटते. चहाचे नाव 'चाय' असल्याने तो मागण्यास मात्र कोणालाही अडचण पडत नाही. पैसे देताना पुन्हा व्याकरण आडवे येते. एक रुबल असेल तर 'रूब्ल', दोन, तीन किंवा चार असतील तर 'रुब्ल्या' आणि पाच झाले की 'रुब्लेय'. गणित आणि व्याकरण एकाच वेळी करावे लागते, आणि मागे रांग उभी असते.

मॉस्कोचा हिवाळा हाही एक कठोर शिक्षकच म्हणावयाचा. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे दिवस जेमतेम ७ तासांचा असतो. सकाळी ९च्या सुमारास सूर्य उगवतो आणि दुपारी ४च्या सुमारास मावळतो. पारा शून्याखाली १० ते १५ अंश उतरणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. घरांच्या खिडक्यांना दुहेरी तावदाने असतात आणि भिंतीलगतच्या नळ्यांतून गरम पाणी खेळवून खोल्या उबदार ठेवतात. म्हणून महाविद्यालय, वाचनालय वा नाट्यगृह यांत शिरताच जाड कोट दाराजवळ जमा करून त्याबद्दल क्रमांकाचा बिल्ला घ्यावयाचा, असा तेथील रिवाज आहे. कोट टांगण्यासाठी गळपट्टीच्या आत शिवलेली नाडी तुटलेली असेल तर कोट सांभाळणारी बाई कुरकुर करते. त्या रात्री विद्यार्थी सुईदोरा घेऊन बसतो आणि 'सुई', 'दोरा' व 'शिवणे' हे तीन शब्द शिकतो.

अशा दिवसांत मनाला उदासपणा येतो. शब्द पाठ होतात आणि विसरतात. सोबती बोलू लागले, आपणच मागे पडलो, असे वाटते. मॉस्कोची घड्याळे भारताच्या घड्याळांपेक्षा अडीच तास मागे असतात. तेथे संध्याकाळचे ७ वाजले की महाराष्ट्रात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. घरची जेवणे आटोपली असतील, आई अंथरुणे घालीत असेल, हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. दूरध्वनीवर आई "बरा आहेस ना?" असे विचारते आणि मुलगा "बरा आहे" असे सांगतो, परंतु परत यावे असे त्याच्या मनात वारंवार येत असते.

नेमक्या अशाच एखाद्या दिवशी भाषा आपले दार उघडते. बर्फ पडत असतो. विद्यार्थी टोपी न घालताच रस्त्याने निघालेला असतो. समोरून येणारी एक अनोळखी वृद्धा थांबते आणि मोठ्याने बोलू लागते. तिच्या कपाळाला आठ्या असतात, हात हवेत फिरत असतो. आपल्या हातून काय अपराध घडला, हे त्याला कळत नाही. ती त्याला 'तुम्ही' न म्हणता 'तू' म्हणते, हे त्याच्या कानांना जाणवते आणि अपमानाने त्याचे मन क्षणभर कळवळते. मग त्या शब्दांच्या ओघात एक ओळखीचा शब्द येतो, 'शापका', म्हणजे टोपी. पाठोपाठ 'कुठे' हा शब्द कळतो. 'आजारी' हा कळतो. 'आई' हा कळतो. "टोपी कुठे आहे तुझी? आजारी पडशील! आई काय म्हणेल?" असे ती विचारीत असते. ते 'तू' अपमानाचे नसते. आजी नातवाला म्हणते त्यातले असते. तो कोटाच्या खिशातून टोपी काढून डोक्यावर घालतो. वृद्धा मान डोलावते आणि आपल्या वाटेने निघून जाते. वर्गाबाहेर, कोणी समजावून न सांगता, त्याला कळलेले हे पहिले रशियन बोलणे असते. मेट्रोत बसल्यावर दारे मिटण्यापूर्वी जी सूचना रोज नुसती कानांवर आदळत असे, तीही त्या दिवशी त्याला स्पष्ट ऐकू येते : "सावध, दारे बंद होत आहेत."

परक्या भाषेच्या मुलखात एकाकी पडण्याचा हा अनुभव एकाच बाजूचा नाही. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियातील त्वेर नगरीचा एक व्यापारी समुद्रमार्गाने आपल्या कोकणातील चौल बंदरात उतरला. तेथून तो जुन्नरला गेला आणि पावसाळ्याचे दिवस त्याने तेथे काढले. त्याचा गोरा वर्ण पाहून लोक कुतूहलाने त्याच्यामागे जात, असे त्याने लिहून ठेवले आहे. रशियातील विद्यार्थी मॉस्कोत जे भोगतो ते त्या रशियन मनुष्याने सह्याद्रीच्या पावसात भोगले होते.

वसंत ऋतू येतो, बर्फ वितळते आणि परीक्षेचा दिवस उगवतो. तेथील तोंडी परीक्षेत टेबलावर पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक उचलावयाची आणि तिच्यावरील प्रश्नांची उत्तरे द्यावयाची, अशी पद्धत आहे. गुण पाचांपैकी देतात. विद्यार्थी चिठ्ठी उचलतो आणि बोलू लागतो. एखादी विभक्ती चुकते, एखाद्या शब्दावरचा जोर ढळतो. परंतु तो थांबत नाही. जिथे एका वर्षापूर्वी नुसते हसू होते, तिथे आता वाक्ये उभी असतात.

उन्हाळा सरतो. सप्टेंबरमध्ये नव्या विद्यार्थ्यांचा मेळा येतो. भोजनालयाच्या रांगेत पुढे उभा असलेला एक नवा मुलगा बोटाने पावाकडे खूण करतो. वाढणारी बाई त्याला काही विचारते. तो उत्तरादाखल नुसता हसतो. ते हसू मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या चांगले ओळखीचे असते. तो पुढे होतो आणि त्या मुलाच्या कानाशी हळूच दोन शब्द उच्चारतो, "दायते, पझाल्स्ता" : द्या, कृपा करून. नवा मुलगा ते अडखळत म्हणतो, आणि त्याच्या ताटात पाव पडतो.