दर्या, दऱ्या आणि एक आकडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संगणकाला मराठी येतं का, असा प्रश्न मला कविसंमेलनांत अधूनमधून विचारला जातो. कविता लिहिणारा माणूस संगणकात इतका रमतो याचं लोकांना नवल वाटतं आणि मग हा प्रश्न येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. संगणकाला मराठी येत नाही, आणि इंग्रजीही येत नाही. त्याला फक्त आकडे येतात. तुम्ही मराठीतला ‘क’ लिहा, इंग्रजीतला ‘के’ लिहा, नाहीतर उर्दूतला ‘काफ’ लिहा; त्याच्या वहीत नोंद होते ती एका आकड्याची. कोणत्या अक्षराचा आकडा कोणता, हे माणसांनी आपसांत ठरवायचं असतं. मराठीच्या बाबतीत हे ठरायला आणि ठरलेलं पाळायला उशीर झाला. त्या उशिराची किंमत आपण अजून मोजतो आहोत. आज त्याबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर हे शब्द आता घरोघरी पोचले आहेत. त्यांचा फरक सांगणारा एक जुना विनोद आहे. बिघडल्यावर ज्याला लाथ मारता येते ते हार्डवेअर, आणि ज्याच्यावर नुसतं चिडता येतं ते सॉफ्टवेअर. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला ओळीनं दिलेल्या सूचना. मराठी नीट दिसली नाही की लोक म्हणतात, संगणक जुना झाला, नवीन घ्यायला हवा. माझं मत असं, की मराठीचा बहुतेक घोळ यंत्रात नसतोच. तो आकड्यांच्या करारात असतो, किंवा सूचना लिहिणाऱ्याला भाषा न कळल्यामुळे असतो.

पहिला मोठा करार अमेरिकेत १९६३ साली झाला. त्याचं नाव ‘ॲस्की’. त्यात जागा होत्या १२८. इंग्रजीचा मोठा ‘ए’ ६५ क्रमांकावर, लहान ‘ए’ ९७ वर, आणि त्याच यादीत अंक, विरामचिन्हं आणि यंत्रासाठीच्या काही खुणा. इंग्रजीचं काम त्यात भागलं. पुढे जागा २५६ झाल्या, तरी त्यात जगातल्या सगळ्या लिपी मावणं शक्य नव्हतं.

आपल्याकडे या प्रश्नावर काम झालं नाही असं नाही. १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिपींसाठी तंत्र तयार होत होतं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तिथे ते काम पुढे वाढलं. ‘जिस्ट’ नावाचं एक कार्ड संगणकाच्या पोटात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक आलं. त्यातली कल्पना सुंदर होती. देवनागरीतला क, बंगालीतला क, गुजरातीतला क, सगळ्यांचा आकडा एकच. लिपी बदलली की फक्त रूप बदलायचं.

पण त्याच काळात छपाईचा धंदा वेगळ्या वाटेनं गेला. डीटीपी आलं. छापखान्याला घाई होती आणि त्याला हवी होती कागदावर उमटणारी अक्षरं. मग फॉन्ट तयार करणाऱ्यांनी एक युक्ती केली. यंत्राच्या आत इंग्रजीचेच आकडे ठेवायचे, आणि त्या आकड्यांवर इंग्रजी अक्षराऐवजी मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. ६५ क्रमांकावर ‘ए’ऐवजी एखादा अर्धा ष, नाहीतर काना, नाहीतर उकार. सगळी जोडाक्षरं मावणार नव्हती, म्हणून अक्षरांचे तुकडे केले आणि तुकडे जुळवून शब्द उभे केले. यंत्राला वाटत होतं आपण इंग्रजी लिहितो आहोत, आणि आपल्याला वाटत होतं आपण मराठी लिहितो आहोत. दोघांचाही समज कागद छापून होईपर्यंत टिकत असे.

या व्यवस्थेला मी सरसकट नावं ठेवणार नाही. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचे डोळे आणि पाठ त्यामुळे वाचली. तालुक्याच्या गावात लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं निघू लागलं. आमच्या पिढीतल्या कितीतरी कवींचे पहिले संग्रह त्यामुळेच निघाले. अडचण एकच होती. प्रत्येक कंपनीनं आपले तुकडे आपल्या मर्जीनं वेगवेगळ्या आकड्यांवर बसवले होते. एकाचा काना म्हणजे दुसऱ्याचा ण. फाइल होती, पण तो नेमका फॉन्ट नसला की फाइलमध्ये कचरा दिसायचा.

हे किती जिव्हारी लागू शकतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका दिवंगत कवीमित्राच्या मुलीनं मला एक सीडी आणून दिली. “काका, बाबांच्या न छापलेल्या कविता यात आहेत. वह्या गळतीत भिजून गेल्या,” म्हणाली. सीडी शाबूत होती. फाइल उघडली तर डॉलरची चिन्हं, कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची रांगच्या रांग. कविता टाइप करून देणारं दुकान कधीच बंद झालं होतं. शेवटी त्या गावातल्या दुसऱ्या एका डीटीपीवाल्याच्या माळ्यावर पडलेल्या संगणकात तो फॉन्ट मिळाला. फॉन्ट बसवला आणि पडद्यावर कविता दिसल्या. मुलगी रडू लागली.

पण दिसणं वेगळं आणि मजकूर हाती येणं वेगळं. त्या कविता फोनवर पाठवता येईनात, त्यांत एखादा शब्द शोधता येईना. म्हणून आम्ही त्या रूपांतर करणाऱ्या एका प्रोग्रॅममधून काढल्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची पद्धत होती, रफार नंतर. प्रोग्रॅमला ही उलटापालट सरळ करावी लागते, आणि ती प्रत्येक वेळी जमत नाही. आम्ही दोघं ओळीओळीनं तपासत बसलो. बाकी सगळं जुळलं. एका कवितेत मात्र अडलो. प्रोग्रॅमनं तिथे ‘दर्या’ असा शब्द काढला होता, ओलांडून जाण्याचा संदर्भ होता. आता हा दर्या म्हणजे समुद्र, की डोंगरातल्या दऱ्या? मित्र जन्मानं कोकणातला, नोकरी आयुष्यभर घाटावर. दोन्ही शक्य होतं. मूळ फाइल पाहिली, तर त्या फॉन्टमध्ये ‘दऱ्या’मधला तो आडवा र नव्हताच. टाइप करणाऱ्यानं दोन्हींसाठी रफारच वापरला होता. विचारायला मित्र राहिला नव्हता.

आता यावरचा उपाय काय झाला ते पाहू. १९९१ साली युनिकोड या जागतिक कराराची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक स्वतंत्र आकडा द्यायचा, जो दुसऱ्या कुणाचाही नसेल, ही त्यामागची कल्पना. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या, आणि त्यांची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतली गेली. ‘क’ झाला २३२५. ‘मराठी’ हा शब्द यंत्राच्या आत २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असा असतो: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. मुंबईत लिहा किंवा टोरांटोत, आकडे तेच.

यात जोडाक्षरांना वेगळी जागा नाही. ‘क्ष’ हवा असेल तर क, हलन्त आणि ष हे तीन आकडे ओळीनं ठेवायचे. जोडून दाखवण्याचं काम फॉन्टचं आणि सॉफ्टवेअरचं. उर्दू वाचणाऱ्यांना हे लगेच पटेल. ‘बे’ हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळं दिसतं, पण आपण त्याला ‘बे’च म्हणतो. अक्षर एक, रूपं अनेक. संगणकाच्या पोटात अक्षर ठेवायचं आणि रूप पडद्यावर ठरवायचं, हे युनिकोडचं खरं शहाणपण. मराठी आणि हिंदी पद्धतीचे ल आणि श वेगळे दिसतात, पण त्यांचे आकडे एकच आहेत, तेही याच कारणानं.

करार झाला तरी तो घरापर्यंत यायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो घडवला सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. २००८ साली ते गेले. ते स्वतः मराठी कवी होते, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. संगणकाच्या पडद्यावर पहिल्यांदा मराठी वाचली ती एका कवीनं घडवलेल्या अक्षरांत, असं माझ्यासारखे कितीतरी लोक आहेत. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो याच पायावर.

आता पुन्हा दर्या आणि दऱ्या. युनिकोडमध्ये साध्या र चा आकडा २३५२. त्याच्या शेजारी २३५३ वर खाली टिंब असलेला ऱ आहे. दाक्षिणात्य भाषांतला एक वेगळा र देवनागरीत लिहिण्यासाठी ही जागा ठेवलेली होती. मराठीतला आडवा र त्याच आकड्यानं लिहायचा, असं ठरलं. म्हणजे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांचे पाच-पाच आकडे लिहून काढले, तर चार अगदी सारखे आहेत. फरक एका जागी, आणि तोही एकाचा: २३५२ की २३५३. ‘आचार्यांना जेवायला वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला वाढा’ यांतलं अंतरही तेवढंच. समुद्र आणि डोंगर, गुरू आणि स्वयंपाकी एका आकड्यावर उभे आहेत.

इथेही एक खोच आहे. हाच आडवा र आणखी एका रीतीनं लिहिता येतो: साधा र, हलन्त आणि मग ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. पण आकडे वेगळे असल्यामुळे एका रीतीनं लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनं शोधला तर साध्या शोधात सापडत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ॲ या अक्षराचीही गंमत आहे. मराठी पद्धतीच्या ॲ ला स्वतंत्र आकडा मिळाला तो २००८ साली.

प्रोग्रॅमिंगबद्दल माझं मत यावरूनच बनलं आहे. आपण ‘मराठी’ हा शब्द तीन अक्षरी म्हणतो. यंत्र मोजतं पाच. साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक आकड्याला तीन बाइट लागतात, म्हणजे झाले पंधरा. ज्याला हे माहीत नाही तो अर्जात नावासाठी मोजून जागा ठेवतो आणि एखाद्याच्या आडनावाची वेलांटी कापली जाते. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची ७०. एके काळी लोक मराठी निरोप रोमन लिपीत लिहीत, त्यामागे हेही एक कारण होतं. ळ चंही तसंच. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, पण युनिकोडमध्ये त्याची जागा ल च्या लगेच पुढे आहे. नुसत्या आकड्यांवर विसंबून शब्दकोश लावला तर त्याचा क्रम चुकतो. यंत्राला हे सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याला आधी मराठी यावी लागते.

याची चांगली बाजूही आहे. युनिकोडमध्ये मराठी उच्चाराच्या क्रमानं साठवली जाते, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ ओळखून मात्रा मोजणारा छोटा प्रोग्रॅम थोडं शिकलेला कुणीही लिहू शकतो. वृत्तात किंवा गझलेत लिहिणाऱ्याला त्याचा चांगला उपयोग होतो. तुकड्यांच्या फॉन्टमध्ये हे फार अवघड होतं. २०१४ साली तर मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली.

कीबोर्डवरून मात्र भांडू नये. ‘इन्स्क्रिप्ट’मध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला आहेत, पंधरा दिवस रेटलं की हात बसतो. कुणाला रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणं सोपं वाटतं, कुणी फोनला बोलून दाखवतो. वाट कोणतीही असो, आत युनिकोडचा आकडा पडला की झालं.

ज्यांच्या घरात, छापखान्यात, मासिकाच्या कचेरीत जुन्या फाइली आहेत त्यांना माझी विनंती आहे. फॉन्ट मिळतो आहे तोवर त्याची प्रत फाइलीसोबतच ठेवा. मजकूर कागदावर छापून काढा. मग तो युनिकोडमध्ये आणा आणि शब्दन्‌शब्द तपासून घ्या. शक्य असेल तर लिहिणाऱ्यालाच शेजारी बसवा. तो असताना जे एका वाक्यात सुटतं, ते नंतर सुटत नाही. आजची शोधयंत्रं आणि मराठी शिकू पाहणारे नवे प्रोग्रॅम त्या जुन्या आकड्यांतला मजकूर मराठी म्हणून वाचत नाहीत. त्यांच्या लेखी तो मजकूर लिहिलाच गेलेला नाही.

नवं सॉफ्टवेअर किंवा फॉन्ट घेताना दुकानदारानं कितीही गुण सांगितले, तरी आधी त्यात दोन शब्द लिहून बघा: दर्या आणि दऱ्या. दोन्ही वेगळे उमटले, वेगळे साठवले गेले आणि शोधल्यावर वेगळे सापडले, तर खुशाल पैसे द्या.