खाडीच्या तोंडावरची झडप

कामवारी नदी आपल्या भिवंडीतून वाहते आणि पुढे खाडीला मिळते. पण तिची आठवण आपल्याला होते ती पावसाळ्यात, पाणी उंबऱ्याला लागले म्हणजे. हे पाणी अडते कुठे, ते मुलांना दाखवावे म्हणून एका रविवारी ओहोटीची वेळ पाहून आम्ही सहकुटुंब खाडीकाठच्या खारबंदिस्तीवर गेलो.

मातीचा लांब बांध. एका अंगाला भाताची खाचरे, दुसऱ्या अंगाला चिखल आणि तिवरे. बांधाच्या पोटात मोरी, आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून बिजागरीने टांगलेली झडप. हिला उघाडी म्हणतात. तिला वीज लागत नाही की माणूस लागत नाही. भरतीचे पाणी चढले की तेच झडप दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. उधाणात बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे पीक धड येत नाही. म्हणूनच खार जमिनींसाठी १९४८ साली व पुन्हा १९७९ साली कायदे झाले.

हॉलंडमध्ये १९५३ च्या समुद्री पुरात १,८३६ माणसे गेली. त्यानंतर तिथे मोठी बांधकामे झाली. रॉटरडॅमजवळ नदीच्या मुखाशी १९९७ पासून २१० मीटर लांबीचे दोन दरवाजे आहेत. मोठे उधाण आले की ते मिटतात. आकार अजस्र, पण काम आपल्या उघाडीचेच.

मात्र झडप समुद्र अडवते, पाऊस नव्हे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर दार बंद आणि पाणी आत. तेवढा वेळ ते साठायला सखल जागा हवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या चाळीतही कमरेइतके पाणी होते. सखल जागांवर भराव पडला, तर पाणी आपल्याच खोल्यांत साठणार.

आम्ही पाहिलेली झडप अर्धवट उघडीच होती. फटीत प्लास्टिक आणि सुताचा गुंता अडकलेला. आमच्या मुलीने विचारले, "बाबा, हे सूत इथे कुठून आले?" आम्ही काय सांगणार? गटारात टाकलेली चिंधी शेवटी इथेच येते.

वाचकहो, चिंधी गटारात टाकू नका. आणि पावसाळ्यापूर्वी वस्तीतील चारजणांनी मिळून नाले व उघाड्या साफ करण्याचा लेखी अर्ज द्यावा. त्याची पोच घ्यायला विसरू नये.